गच्चीवरची बैठक: आधी पाण्याची वाट, मग बाकीचं

मुंबईत टेरेस फ्लॅट घेतलेला माणूस कंत्राटदाराला बोलावतो तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये फोटो तयार असतो. लाकडी पट्ट्यांचा पर्गोला, पिवळे दिवे, कोपऱ्यात झोपाळा, भिंतीला लागून हिरवळ. फोटोतलं ते सगळं काम शेवटच्या आठ-दहा दिवसांत उरकतं. त्याआधीचे तीन-चार आठवडे जातात ते फोटोत न दिसणाऱ्या कामात, आणि एस्टिमेटमध्ये पहिली कात्री लागते तीही त्याच कामाला. मग दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे काका वाटीएवढा ओला डाग दाखवायला घरी बोलावतात.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हिशोबासाठी एक गच्ची धरू: २० बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट, साधारण २८ चौरस मीटर. तासाला १०० मिमीची सर आली तर या गच्चीवर तासाभरात २,८०० लिटर पाणी उतरतं, मिनिटाला ४५ लिटरच्या वर. ते सगळं एका भोकातून जायचं असतं आणि त्या भोकावर झाडाची पानं, चिप्सचं पाकीट आणि कबुतराचं पीस बसलेलं असतं. म्हणून आमचा हिशोब सोपा आहे: ३०० ते ४०० चौरस फुटांना एक चार इंची पाइप, आणि जागा कितीही लहान असली तरी पाण्याला तोंडं दोन. दुसरं तोंड कठड्यातून बाहेर काढलेला साधा पाइपचा तुकडा असला तरी चालतो. तो फरशीच्या दोन इंच वर, पण दाराच्या उंबऱ्याच्या खाली ठेवायचा. पहिलं तोंड तुंबलं तर पाणी हॉलमध्ये शिरण्याआधी तिथून बाहेर पडतं.

आता उतार. १:१०० हा किमान, म्हणजे १० फुटांना सव्वा इंच. आपल्या गच्चीत तोंड एका टोकाला असेल तर २० फुटांत जवळपास अडीच इंचांचा फरक पडतो. कोबा म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे आणि मॉर्टर घालून केलेला उताराचा थर. तोंडापाशी त्याची जाडी अडीच इंच धरली तर लांबच्या टोकाला ती पाच इंच होते. गच्चीचं दार नेमकं त्याच लांबच्या टोकाला असलं की पंचाईत. पाच इंच कोबा, वर दोन इंच फरशी आणि तिचा माल, म्हणजे सात इंच. दाराचा उंबरा स्लॅबपासून सहा इंच असेल तर पाणी घरातच येणार. त्यामुळे टेप घेऊन पहिलं माप घ्यायचं ते उंबऱ्याचं. दुसरं कठड्याचं. कठडा तयार फरशीपासून किमान १ मीटर उंच राहायला हवा. जुन्या इमारतीत तो मुळातच स्लॅबपासून तीन-साडेतीन फूट असतो आणि त्यातले सात इंच आपण खातो. वर स्टीलचं रेलिंग धरलेलं नसेल तर ते एस्टिमेट अपुरं आहे असं समजा.

वजनाचा हिशोब बहुतेक मिस्त्री करत नाहीत, आणि त्यावरूनच इमारतीच्या इंजिनीयरशी खटके उडतात. वर धरलेल्या कोब्याची सरासरी जाडी पावणेचार इंच, म्हणजे जवळपास एक ब्रास (१०० घनफूट) माल. विटांच्या तुकड्यांचा कोबा घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरतो. एवढ्या गच्चीवर तो एकटाच पाच टनांच्या वर जातो. माणसांना वर जाता येतं अशा गच्चीसाठी भारतीय मानकात चल भार चौरस मीटरला १५० किलो धरतात. माणसं, खुर्च्या, कुंड्या सगळं त्यातच. आता कुणी म्हणालं की एका बाजूला फूटभर मातीचा वाफा करू, तर ओल्या मातीचा एक फूट थर चौरस मीटरला पाचशे किलोपर्यंत जातो. हे स्लॅबच्या मध्यावर चालत नाही. वाफा करायचाच तर बीमच्या वर, लांबट, आणि मातीत निम्मं कोकोपीट आणि पर्लाइट घालून. इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर महापालिका कायद्याप्रमाणे तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं. तो अहवाल सोसायटीकडून मागून वाचल्याशिवाय गच्चीवर एकही गोणी चढवू नये.

आणि जुन्या कोब्यावर नवा कोबा कधीच नाही. स्वस्त कोटेशनमध्ये हीच युक्ती असते. आधीचा कोबा, त्यावर कधीतरी घातलेली फरशी, त्यावर आता तिसरा थर. वजन दुप्पट होतं आणि गळती जिथे होती तिथेच राहते, कारण पाणी जुन्या थरात साठलेलं असतं. जुना कोबा काढायचा. काढला की डेब्रिज. पाच टन म्हणजे २५-३० किलोच्या दोनशेच्या आसपास गोण्या. बहुतेक सोसायट्या त्यासाठी लिफ्ट देत नाहीत, त्यामुळे जिन्याने उतरवायच्या. हमालीचा आकडा कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्या, नाहीतर काम अर्ध्यावर असताना त्यावरूनच वाद होतो. फोडताना ब्रेकरही जपून वापरायचा. शेवटचे दोन इंच छिन्नी-हातोड्याने काढायचे, नाहीतर स्लॅबचा वरचा भाग उडून सळ्या उघड्या पडतात.

आता मूळ काम. स्लॅब उघडा झाला की आधी तो धुवायचा आणि वाळू द्यायचा. सावकाश सुकणाऱ्या ओल्या रेघा दिसतात, त्या तडा. प्रत्येक तडा व्ही आकारात अर्धा इंच कापून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायची. पावसाळी पाइप स्लॅबमधून जिथे खाली जातो तिथे भोवतालचं जुनं मॉर्टर काढून ते पुन्हा ग्राउटने भरायचं. निम्म्या गळत्या याच गोल जागेत असतात. मग वॉटरप्रूफिंग कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या काटकोनात, आणि कोपऱ्यांत फायबरची जाळी दोन हातांच्या मध्ये. कोटिंग कठड्यावर किमान एक फूट चढवायचं. कठड्याचं जुनं प्लास्टर पोकळ वाजत असेल तर आधी ते काढा, कारण कोटिंग प्लास्टरला चिकटतं आणि प्लास्टर भिंतीला चिकटलेलं नसतं. पाणी मागून उतरतं.

यानंतर पहिली पाणी परीक्षा. तोंडं बंद करून सगळ्यात उंच भागावरही इंचभर पाणी राहील इतकं भरायचं. स्लॅब सपाट असेल तर सात-आठशे लिटर लागतात. पुढे कोबा झाला की उतारामुळे त्याच परीक्षेला दीड हजार लिटरच्या वर पाणी लागतं. सोसायटीच्या टाकीतलं एवढं पाणी एका दिवसात ओढलं तर संध्याकाळी सेक्रेटरी दारात येतो, म्हणून आधी विचारा किंवा टँकर सांगा. पाणी ४८ तास ठेवायचं. पातळी उतरली म्हणून लगेच घाबरायचं नाही, मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी उडतंच. शेजारी पाण्याने भरलेली एक पसरट बादली ठेवायची आणि दोन्हीकडे पेन्सिलने खूण करायची. बादलीत ६ मिमी उतरलं आणि गच्चीवर १५, तर बाकीचे ९ मिमी कुठे गेले ते खालच्या घरात जाऊन बघायचं. खालच्यांना आधी सांगून ठेवलेलं असावं. त्यांच्या छतावर आधीचे डाग असतील तर त्यांचे तारखेसह फोटो घ्या, नंतर कामाला येतात.

कोब्यासाठी विटा पक्क्या भाजलेल्या हव्यात. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. इथे फसवणूक ठरलेली असते: दुसऱ्या साइटचं डेब्रिज गोण्यांत भरून विटांचे तुकडे म्हणून येतं. त्याला जुनं प्लास्टर चिकटलेलं असतं, कधी पीओपीही. पीओपी ओल धरतं आणि फुगतं, आणि क्षार वर येऊन फरशीच्या सांध्यांतून पांढरा लोणा फुटतो. गोणी उघडून बघा, पांढरं दिसलं तर परत पाठवा. तुकडे आदल्या रात्री पाण्यात भिजवायचे. कोरडी वीट मॉर्टरमधलं पाणी पिते आणि सिमेंट अर्धवट राहतं.

स्लॅबवर सिमेंटची स्लरी, त्यावर १:४ मॉर्टरचा पाऊण इंचाचा थर, त्यात तुकडे उभे, मध्ये अर्धा-पाऊण इंच फट. फटी पहिल्या दिवशी अर्ध्याच भरायच्या, उरलेल्या दुसऱ्या दिवशी. सिमेंट-रेतीचं प्रमाण घमेल्याने मोजू नका. भरताना घमेल्याला शीग लागते आणि बाराव्या घमेल्यापर्यंत १:४ चं १:६ होतं. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे सव्वा घनफूट, तेवढ्याच मापाचा लाकडी फर्मा करून घ्या. वॉटरप्रूफिंग कंपाउंड डब्यावर लिहिलंय तेवढंच, बहुतेक द्रवांना गोणीमागे २०० मिली. जास्त घातलं म्हणून जास्त पाणी अडत नाही, उलट मॉर्टर उशिरा पकडतं. रेती हल्ली क्रशरचीच असते. तिच्यात भुकटी जास्त असेल तर वरच्या थराला केसासारख्या तडा जातात. खाडीची रेती कुणी स्वस्तात देत असेल तर नको. तिच्यातलं मीठ सळीपर्यंत पोचतं.

कठडा आणि कोबा मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई काढायची. आमच्याकडे तिला वाटा म्हणतात. काटकोनात पाणी अडतं, कचरा अडतो, आणि उन्हाने कोबा जिथे हलतो नेमका तिथेच तो कठड्यापासून सुटतो. वाटा चार इंच त्रिज्येचा, कोबा भरतानाच, त्याच मालाने. चांगला गवंडी तो काचेच्या बाटलीच्या पाठीने घोटतो आणि बोट फिरवलं तर कुठेही धार लागत नाही. दुसऱ्या दिवशी वेगळा माल आणून चिकटवलेला वाटा पहिल्या मे महिन्यात सुटतो. चिरेत नख शिरतं. वाट्याची वरची कड कठड्यात अर्धा इंच खाच मारून आत घ्यावी, नुसती भिंतीला टेकवून ठेवू नये. हे काम सुटलं की वरच्या कडेतून पाणी मागे जातं आणि बाकी सगळं बरोबर असूनही गच्ची गळते.

वर पाऊण इंचाचं घोटलेलं फिनिश, त्यात दोरीने फुटाफुटाच्या चौकटी. त्या शोभेच्या वाटतात, पण आकसण्याच्या तडा त्या रेघांत जाव्यात म्हणून असतात. मग आळी बांधून पाणी. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला १०. आज बाजारात बहुतेक पीपीसीच मिळतं, तरी साइटवर सातव्या दिवशी पाणी बंद होतं. आठव्या ते दहाव्या दिवशीही कोबा ओला ठेवायला वॉचमनला सांगा, चहाचे पैसे द्या, काहीही करा. क्युरिंग संपलं की दुसरी पाणी परीक्षा, आणि त्याशिवाय फरशीचा माल वर चढवायचा नाही.

फरशीचं थोडक्यात. चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, अजूनही सगळ्यात शहाणी निवड आहे. पांढरी, कमी तापणारी, सांधे बारीक. बसायच्या जागेला ती दवाखान्यासारखी दिसते ही तक्रार मान्य. मग खरखरीत कोटा किंवा आर११ दर्जाची, म्हणजे न घसरणारी, बाहेरची टाइल. गुळगुळीत व्हिट्रिफाइड नको, ऑगस्टमध्ये शेवाळ धरल्यावर त्यावर उभं राहणं कठीण. टाइलला सांधा किमान ३ मिमी, आणि दर १० फुटांवर व कठड्याच्या कडेने मऊ सीलंटचा सांधा. सांधा न ठेवता घट्ट बसवलेल्या टाइल मे महिन्याच्या दुपारी फुगून तंबूसारख्या उठतात, कधी आवाज करून.

पर्गोल्यापाशी येऊ, कारण वर केलेलं सगळं इथे एका दुपारी वाया जाऊ शकतं. फॅब्रिकेटर येतो, खांबाखालची लोखंडी प्लेट फरशीवर ठेवतो, ड्रिलने चार भोकं पाडतो, अँकर बोल्ट ठोकतो. एक खांब चार भोकं, चार खांब सोळा. प्रत्येक भोक फरशी, कोबा, कोटिंग पार करून स्लॅबमध्ये जातं. वर सिलिकॉन लावलं की झालं, असं तो म्हणतो. सिलिकॉन दोन उन्हाळे टिकतं. खरी पद्धत अशी: खांबांच्या जागा वॉटरप्रूफिंगच्या आधी ठरवायच्या. स्लॅबवर, बीमच्या रेषेत, स्टील घालून ९ इंची काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, तयार फरशीच्या वर सहा इंच येतील असे. कोटिंग आणि वाटा त्या ठोकळ्यांवर चढवायचे. बोल्ट ठोकळ्याच्या डोक्यात. भोक तिथे पडलं तरी पाणी तिथे साठत नाही. काम आधीच झालेलं असेल तर खांब फरशीवर उभेच करू नका, आरसीसी कठड्याच्या आतल्या बाजूला ब्रॅकेटने धरा. कठडा विटांचा असेल तर तेही नाही.

बोल्ट कमी करून कुंड्यांच्या वजनावर पर्गोला उभा करायची कल्पना वरचेवर येते. वर पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट नसेल तर एक वेळ ठीक. छप्पर घातलं की वारा मोजावा लागतो. मुंबईसाठी मानकात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्यातून येणारा दाब चौरस मीटरला शंभर किलोहून जास्त भरतो. दहा बाय दहा फुटांच्या छपरावर तो टनाच्या आसपास ओढ आणतो, आणि ती वरच्या दिशेनेही असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा शहरभर पत्रे उडाले ते याच ओढीने.

लोखंड वापरायचं तर हॉट-डिप गॅल्वनाइज्ड पाइप, आणि वेल्डिंगने जळालेल्या प्रत्येक जागी घासून झिंकचा रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर वरळी किंवा वर्सोव्याला दोन पावसाळे निघत नाहीत. पाइपची वरची तोंडं झाकायची आणि खालच्या टोकाला बारीक भोक ठेवायचं, नाहीतर आतल्या पाण्याने पाइप आतून सडतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत नवा दिसतो. ॲल्युमिनियमला स्टीलचे बोल्ट लावताना मध्ये नायलॉनचे वॉशर. समुद्राजवळ रेलिंगला ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचं स्टील. पॉलिकार्बोनेटची यूव्ही बाजू वर यायला हवी, फिल्मवर लिहिलेलं असतं आणि तरीही उलट बसवतात. शीटची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा, कारण ऊन-सावलीत ती मीटरमागे जवळपास ३ मिमी वाढते-आकसते.

मात्र छप्पर घालायच्या आधी कागद. इमारतीची सामाईक गच्ची सोसायटीची, तुमची नाही, वरचा मजला तुमचा असला तरी. स्वतःच्या मालकीच्या टेरेसवरही कायमचं छप्पर म्हणजे बांधकाम, आणि त्याला महापालिकेची परवानगी लागते. फॅब्रिकेटर म्हणतो ‘सगळेच करतात’. नोटीस आली की ती त्याच्या नावाने येत नाही. आमचं मत: उघड्या पट्ट्यांचा पर्गोला करा, पावसात चार महिने गच्ची पावसालाच द्या.

गच्चीवर सिंक हवं असेल तर त्याचं सांडपाणी पावसाळी पाइपला जोडू नका. ती लाइन पर्जन्यवाहिनीला जाते, मलवाहिनीला नाही. बाहेरचे प्लग फरशीपासून दीड फूट वर, आयपी६५ दर्जाच्या, म्हणजे धूळ-पाणी अडवणाऱ्या झाकणाचे, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. वायरचा पाइप कोब्यातून नेऊ नका, कठड्याच्या आतल्या बाजूने न्या. डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या पट्ट्यांचा) डेक सुंदर दिसतो आणि दुपारी तव्यासारखा तापतो. तरी करायचा असेल तर खालचे पट्टे उताराच्या दिशेने, म्हणजे पाणी अडत नाही, आणि तोंडावरची चौकट उचलता येईल अशी. ती उचलता आली नाही तर डेकखाली पाणी साचतं, त्यात डास होतात, आणि पालिकेची माणसं बॅटरी घेऊन नेमकं तिथेच बघतात.

वसई, उत्तन, गोराईकडच्या घरांना अंगण असतं, तिथे हाच विचार जमिनीवर. जोतं अंगणापेक्षा किमान दीड फूट वर, अंगणाचा उतार घरापासून बाहेर. पेव्हर ब्लॉक पायी चालायला ६० मिमी, गाडीसाठी ८०. खाली सहा इंच दाबलेला थर आणि वर इंच-दीड इंच रेती, त्याहून जास्त नाही. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर रेती पावसात वाहून जाते आणि ब्लॉक नाचायला लागतात. लोक ब्लॉकला दोष देतात.

कामाचा काळ दिवाळीनंतर ते मार्च. दिवाळी-छटला आणि होळीला गवंडी, बिगारी गावी जातात, ते आठवडे धरूनच तारीख द्यावी. एप्रिल-मेच्या उन्हात कोबा घालायचा तर सकाळी दहाच्या आत आणि लगेच ओली गोणपाटं पसरून. २० मेनंतर कोबा उघडू नये. पैशाचं एवढंच: फरशीचा हप्ता दुसऱ्या पाणी परीक्षेनंतर, आणि बिलाचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा काढल्यावर. हे ऐकून जो मिस्त्री चिडतो त्याला काम देऊ नका.

नंतर दर मेअखेरीस अर्धा दिवस. जाळी काढून धुवायची. सपाट जाळी असेल तर घुमटाकार बसवायची, सपाट जाळीवर एक बदामाचं पान पुरतं. तोंडात बादलीभर पाणी एकदम ओतून खाली पाइपपाशी कुणाला तरी उभं करायचं. धार धडधडत आली तर ठीक, खाकरत आली तर पाइप अर्धा भरलेला आहे. कुंड्या कठड्यापासून सहा इंच सरकवायच्या आणि स्टँडवर ठेवायच्या. कठड्याच्या फटीत पिंपळाचं दोन पानांचं रोप दिसलं तर नुसतं खुडू नका, मूळ खरवडून काढून ती फट त्याच दिवशी भरा.